दिशा सांगणारे यंत्र कोणी निवडावे?

नगर जिल्ह्यातील व्यापारी घराण्यांना नेत्रशिबिरांची नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड अशा तालुक्यांतून मोतीबिंदूचे रुग्ण शहरात आणायचे, त्यांची शस्त्रक्रिया करवायची आणि काळा चष्मा व औषधे देऊन त्यांना सुखरूप घरी पोहोचवायचे, हा क्रम कित्येक घरांत वडिलांच्या पुण्यस्मरणाच्या किंवा नातवाच्या वाढदिवसाच्या निमित्ताने चालत आला आहे. नगरचे आनंदऋषीजी रुग्णालय समाजाच्या अशाच दातृत्वाची साक्ष देते. पट्टी सुटल्यावर नातवाचा चेहरा निरखणाऱ्या म्हातारीला ज्याने एकदा पाहिले, त्याला या कार्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु प्रत्येक शिबिरात अशीही काही माणसे असतात, ज्यांना तपासल्यावर डॉक्टर घरच्यांना हळूच बाजूला बोलावतात. काचबिंदूने डोळ्याची नस सुकली असेल, तर गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. मधुमेहाने पडदा फार खराब झाला असेल किंवा आनुवंशिक विकाराने तो हळूहळू निकामी झाला असेल, तरी आशा थोडीच उरते. २०११ च्या जनगणनेत देशातील ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद दृष्टीच्या अपंगत्वाखाली झाली आहे. मोतीबिंदूचा रुग्ण बरा होऊन घरी जातो, त्याचे छायाचित्र अहवालात छापले जाते. ज्याला ‘आता उपाय नाही’ असे सांगितले गेले, तो घरी गेल्यावर पुढे कसा जगतो, याची चौकशी क्वचितच होते.

तो घरी गेल्यावर बहुधा बसून राहतो. सावेडीत घर आणि आडते बाजारात पेढी असलेले एखादे बाबूजी डोळ्यांपुढे आणावेत. चाळीस वर्षे त्यांनी पहाटे उठून मालाची आवक पाहिली, मूठभर हरभरा तळहातावर घेऊन त्याचा भाव ठरवला, वसुलीसाठी राहुरी-श्रीरामपूरपर्यंत एस.टी.ने फेऱ्या केल्या. दृष्टी गेल्यावर घरातील प्रत्येक जण त्यांची मनापासून काळजी घेतो. “बाबूजी, तुम्ही कशाला त्रास घेता? काय हवे ते सांगा, दुकानातला मुलगा आणून देईल,” असे सून म्हणते आणि त्यात कपट काहीच नसते. मुलगा गाडीतून स्थानकात नेतो, गाडीतून परत आणतो. वर्षभरात बाबूजींचे जग एक खोली, एक गॅलरी आणि गाडीचे मागचे आसन एवढ्यावर येते. त्यांना कोणी कोंडलेले नसते, पण एकट्याने कोठे जाण्याची सवय मात्र सुटलेली असते.

दोन प्रश्न, दोन यंत्रे

अशा घरात कधीतरी एखादा नातू इंटरनेटवर शोधून जीपीएसचे एक यंत्र मागवतो. काडेपेटीएवढी डबी बाबूजींच्या गळ्यात अडकवली की, ते कोठे आहेत हे मुलाच्या फोनमधील नकाशावर ठिपक्याच्या रूपाने दिसू लागते. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर ठिपका गेला की फोन वाजतो. घरच्यांना हायसे वाटते, आणि ‘बाबूजींसाठी जीपीएस घेतला’ असे नातेवाइकांना कौतुकाने सांगितले जाते.

वस्तुतः ते यंत्र बाबूजींसाठी घेतलेलेच नसते. व्यापाऱ्यांना हे लगेच उमगेल, कारण मालाच्या ट्रकला असेच यंत्र बसवलेले असते. इंदूरहून निघालेला ट्रक मनमाड ओलांडून आला की नाही, हे पेढीवर बसून कळावे, हा त्याचा उपयोग. ट्रकला आपण कोठे आहोत हे जाणून घ्यायचे नसते. माणसाला मात्र ते जाणून घ्यायचे असते. ‘वडील कोठे आहेत?’ हा मुलाचा प्रश्न झाला. ‘मी कोठे आहे, समोर कोणता चौक आहे, माझे ठिकाण किती दूर आहे आणि कोणत्या हाताला आहे?’ हा वडिलांचा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच उपग्रहांवरून मिळतात, परंतु यंत्रे वेगळी असतात. खरेदीच्या वेळी यांपैकी कोणता प्रश्न मनात होता, यावरच त्या माणसाचे पुढचे आयुष्य कसे जाईल हे बरेचसे ठरते.

या बाबतीत तंत्राची एक साधी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत राहतात आणि वेळेचे अत्यंत अचूक संकेत सतत पाठवत असतात. हातातील रिसीव्हर किमान ४ उपग्रहांचे संकेत ऐकतो, ते पोहोचण्यास लागलेल्या वेळांची तुलना करतो आणि त्यावरून स्वतःची जागा काढतो. रिसीव्हर केवळ ऐकतो. तो आकाशाकडे काहीही पाठवत नाही. मुळात ही जागा फक्त तो हाती धरणाऱ्यालाच कळते. ती दुसऱ्याला कळवायची, तर त्यात सिमकार्ड घालून वेगळी सोय करावी लागते. ज्याच्या हाती यंत्र त्यालाच त्याची जागा सांगणे, हा जीपीएसचा मूळ स्वभाव आहे.

भूगोलाच्या प्राध्यापकाची वाट

अंधांच्या प्रवासासाठी हे तंत्र वापरण्याची कल्पना फोनपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत जॅक लूमिस या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये तिची मांडणी केली. त्याच विद्यापीठात रेजिनाल्ड गॉलेज हे भूगोलाचे प्राध्यापक होते. माणूस आपल्या गावाचा नकाशा मनात कसा तयार करतो, हा त्यांचा अभ्यासविषय. १९८४ मध्ये त्यांची स्वतःची दृष्टी गेली. नकाशांत आयुष्य घालवलेल्या माणसावर ओळखीच्या रस्त्यांवर चाचपडण्याची वेळ आली. त्यांनी अध्यापन सोडले नाही. लूमिस आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्टा क्लॅट्झकी यांच्यासह ते या संशोधनात उतरले, आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांचे यंत्र विद्यापीठाच्या आवारात चालू लागले. ते पाठीवरच्या थैलीत वाहून न्यावे लागे. थैलीत संगणक, बाहेर अँटेना आणि कानांवर हेडफोन असा सगळा थाट होता. डावीकडील इमारतीचे नाव डावीकडूनच ऐकू यावे, अशी त्याची योजना होती. ज्याला वाट चालायची होती, तोच यंत्र घडवणाऱ्यांच्या मेजाभोवती बसला होता, ही या प्रयोगातील सर्वांत मोलाची गोष्ट.

त्या काळात अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे दाखवलेली जागा १०० मीटरपर्यंत चुकू शके. मे २००० मध्ये ही चूक काढून टाकण्यात आली आणि सामान्य रिसीव्हर एका रात्रीत कितीतरी अधिक विश्वासार्ह झाला. त्यानंतर कॅनडात ‘ट्रेकर’ हे बोलणारे यंत्र २००३ मध्ये बाजारात आले. ते महाग होते. मग व्हँकुव्हरमधील अंध प्रोग्रामरांनी ‘लोडस्टोन’ नावाचा मोफत प्रोग्राम नोकियाच्या फोनसाठी लिहिला आणि २००६ मध्ये तो सर्वांना खुला केला. त्यासोबत ब्लूटूथने जोडला जाणारा लहानसा रिसीव्हर वेगळा घ्यावा लागे. लोडस्टोनमध्ये तयार नकाशापेक्षा वापरणाऱ्याने स्वतः नोंदवलेल्या खुणांना महत्त्व होते. घराचे फाटक, बसथांबा, किराणा दुकानाची पायरी अशा ठिकाणी उभे राहून बटण दाबायचे आणि नाव द्यायचे. पुढच्या वेळी ती खूण जवळ आली की फोन बोले.

बोटांना कळणारे बटण

तो वेगळा रिसीव्हर विकत घेताना अंध प्रवासी ज्या गोष्टी तपासत, त्या डोळस ग्राहकाच्या सहसा ध्यानातही येत नसत. रिसीव्हर चालू आहे की बंद, हे बहुतेक नगांवर एका दिव्याने कळे. ज्याला दिवा दिसत नाही, त्याला त्याचा काय उपयोग? म्हणून सरकते बटण असलेला नग चांगला; ते पुढे आहे की मागे हे अंगठ्याला समजते. दाबल्यावर पुन्हा वर येणारे बटण चालू-बंद दोन्ही स्थितींत सारखेच लागते. बॅटरी संपत आल्याचे आवाजाने कळते का, बाजारात मिळणारी दुसरी बॅटरी त्यात बसते का, पाऊस लागला तर काय, खिशात ठेवला तरी उपग्रह सापडतात की खांद्यावरच अडकवावा लागतो, बंद करून पुन्हा सुरू केल्यावर जागा सापडण्यास किती वेळ लागतो, असे हे प्रश्न होते. अचूकतेचे आकडे पेटीवर छापलेले असत, परंतु या प्रश्नांची उत्तरे तेथे नसत. ती हाताळूनच मिळत.

आज बहुतेकांना वेगळा रिसीव्हर लागत नाही. तो फोनमध्येच असतो. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ ही पडद्यावरचे वाचून दाखवणारी सोय आधीच दिलेली असते. नव्या फोनना जीपीएसखेरीज रशियाचे, युरोपचे आणि काहींना भारताच्या ‘नाविक’ प्रणालीचेही उपग्रह ऐकू येतात. काही फोन दोन निरनिराळ्या लहरींवर संकेत घेतात. उंच इमारतींमध्ये ते अधिक भरवशाचे ठरतात. तरीही बोटांच्या कसोट्या जुन्याच राहिल्या आहेत. आवाज कमी-जास्त करण्याचे बटण स्पर्शाने सापडते का? पडद्यावर बोट ठेवणारा हात मोकळा राहील, असा फोन गळ्यात किंवा कमरेला अडकवता येतो का? दिवसभर बोलत राहिला तर बॅटरी किती टिकते? मराठी आवाज ‘तेलीखुंट’ हे नाव असे उच्चारतो का, की ते ऐकताच ओळखू येईल? साठी ओलांडलेल्या माणसाला इंग्रजी धाटणीच्या उच्चारातून आपले गाव ओळखायला लावणे ही मोठी गैरसोय आहे. आणि इअरफोनने दोन्ही कान बंद करणे तर धोक्याचेच, कारण अंध माणसाला मागून येणारी मोटारसायकल कानांनीच कळते. एकाच कानात इअरफोन ठेवावा, किंवा कान उघडे ठेवून गालाच्या हाडावरून आवाज पोहोचवणारे इअरफोन घ्यावेत.

नगरच्या रस्त्यावरची परीक्षा

मोकळ्या आकाशाखाली साधारण स्मार्टफोन आपली जागा सुमारे ५ मीटरच्या आत सांगतो. हा आकडा कागदावर समाधानकारक वाटतो. जुन्या नगरमध्ये त्याचा अर्थ काय होतो, हे चालून पाहावे लागते. कापड बाजारातील काही गल्ल्यांची रुंदीच ५ मीटरच्या आसपास भरेल. तेथे माणूस रस्त्याच्या डाव्या हाताला आहे की उजव्या, हे यंत्राला निश्चित सांगता येत नाही. दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून येणारे संकेत लांबच्या वाटेने येतात आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. स्टेशन रस्त्यावर २०२२ मध्ये सुरू झालेल्या उड्डाणपुलाखाली उभे राहिल्यास आकाशच झाकले जाते. माणूस पुलाखाली आहे की पुलावर, याचाही यंत्राचा गोंधळ होऊ शकतो.

गंमत अशी की, जेथे यंत्र चाचपडते तेथे बाबूजींना त्याची फारशी गरज नसते. दाळमंडईत मिरचीचा ठसका आणि गुळाचा वास त्यांना दुकानांच्या रांगेत घेऊन जातो. हमालांच्या आरोळ्या, तराजूचा खणखणाट, गल्लीच्या तोंडाशी अंगावर येणारा वारा आणि पायाखालचा चढ-उतार ही त्यांची जुनी ओळख आहे. नगरचा डोळस माणूस दिशा ठरवायला दूरच्या डोंगरावरील चांदबिबी महालाकडे पाहतो. अंध माणसाच्या खुणा जवळच्या असतात, पण पक्क्या असतात. यंत्राने त्यांच्या जागी येऊ नये. त्यांच्या मधल्या रिकाम्या अंतरात ते उपयोगी पडावे.

असे रिकामे अंतर सर्वाधिक जाणवते ते एस.टी.च्या प्रवासात. तारकपूरहून मनमाड रस्त्याने गाडी निघाली की विळद, देहरे, कृषी विद्यापीठ, राहुरी, राहुरी फॅक्टरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी असा क्रम लागतो. डोळस प्रवासी खिडकीतून एकदा पाहतो आणि पुन्हा डुलकी घेतो. अंध प्रवासी मात्र दर थांब्याला शेजाऱ्याला विचारत राहतो, किंवा कंडक्टरला आठवण राहील या भरवशावर बसतो. गर्दीच्या गाडीत कंडक्टर विसरला, तर कोल्हारचा माणूस बाभळेश्वरला उतरतो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून दुसऱ्या गाडीची वाट पाहतो. येथे फोन फार कामी येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी मिनिटाला १ किलोमीटर जाते. तेव्हा यंत्राची चूक ५ मीटरची असो की ५० मीटरची, ‘कोल्हार ३ किलोमीटर’ हे वाक्य कानावर पडताच पिशवी आवरायला ३ मिनिटे मिळतात. ज्याने वर्षानुवर्षे ‘आले का हो कोल्हार?’ असे विचारत प्रवास केला, त्याच्यासाठी ही ३ मिनिटे लहान नव्हेत. कदाचित तोच शेजारच्या डोळस प्रवाशाला उतरण्याची वेळ झाल्याचे सांगेल.

नकाशातील नावांचीही एक अडचण आहे. शहर आणि जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. बोलण्यात ‘नगर’ कायम आहे, आणि नकाशात कोठे जुने तर कोठे नवे नाव सापडते. शिवाय येथील पत्ते ‘अमक्या मंगल कार्यालयाच्या मागे, पाण्याच्या टाकीसमोर’ अशा स्वरूपाचे असतात. बोलून शोधणाऱ्याला हवी ती जागा म्हणून मिळतेच असे नाही. यावर लोडस्टोनचीच जुनी युक्ती आजही उत्तम चालते. पहिल्या फेरीत कोणी डोळस सोबती घ्यावा, महत्त्वाच्या प्रत्येक जागी थांबून ती फोनमध्ये स्वतःच्या शब्दांत नोंदवावी. ‘आपली पेढी’, ‘गटाराची फरशी जेथे फुटली आहे तो कोपरा’, ‘स्थानकाच्या पायऱ्या’ ही नावे कोणत्याही कंपनीच्या नकाशात नसतील, परंतु चालणाऱ्याला तीच हवी असतात. इंटरनेट नसतानाही चालणारा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, कारण घाटात आणि खेड्यापाड्यांत नेटवर्क जाते. उपग्रहांचे संकेत मात्र तेथेही मिळतात.

काठीचे काम काठीनेच

उपग्रहाला चौक ठाऊक असतो, पण चौकातील उघडे गटार ठाऊक नसते. फुटपाथवर आडवी लावलेली मोटारसायकल, दुकानापुढे रचलेली पोती, माल उतरवणाऱ्या टेम्पोचे खाली सोडलेले फाळके, बसलेली गाय, यांतील एकही गोष्ट जीपीएस सांगत नाही. त्यासाठी पांढरी काठी आहे. लांब काठीने पुढच्या पावलाची जमीन तपासत चालण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी विकसित केली आणि तीच जगभर शिकवली जाते. काठी जमिनीवरचे सांगते, पण छातीच्या उंचीवर पुढे आलेला पत्रा तिला लागत नाही. त्यावर उपाय म्हणून दिल्लीच्या आयआयटीने घडीच्या काठीवर बसणारे ‘स्मार्टकेन’ हे उपकरण तयार केले. २०१४ पासून ते मिळू लागले. ३ मीटरपर्यंतचा अडथळा ध्वनिलहरींनी ओळखून ते मुठीत कंपन देते.

म्हणून क्रम ठरलेला असावा. आधी काठी, मग ती वापरण्याचे शिक्षण, आणि त्यानंतर दिशा सांगणारे यंत्र. पुष्कळ सुखवस्तू घरांत हा क्रम उलटा होतो. महागडा फोन आधी येतो, आणि काठी मात्र ‘लोक काय म्हणतील’ या संकोचाने कधीच येत नाही. घरातील वडील माणसाच्या हाती पांढरी काठी दिसणे म्हणजे जणू घराचे वैगुण्य उघडे पडणे, अशी एक मूक समजूत असते. प्रत्यक्षात पांढरी काठी रस्त्यावरील प्रत्येक वाहनचालकाला सावध करते. ती नसेल, तर सर्वोत्तम यंत्र घेऊनही माणूस पहिल्या खड्ड्यात पडेल आणि घरचे म्हणतील, ‘आम्ही सांगितलेच होते.’

खरेदीचा व्यवहार

व्यापारी माणूस माल न पारखता घेत नाही. पोत्यात बंबू घालून दाणा काढतो, दाताखाली धरतो, मगच सौदा करतो. हाच न्याय येथे लावावा, फक्त पारख करणारा कोण हे नीट ठरवावे. फोन मुलाने पाहून चालत नाही. पडदा मोठा आहे, कॅमेरा उत्तम आहे, या गोष्टी बाबूजींच्या उपयोगाच्या नाहीत. त्यांनाच दुकानात न्यावे, टॉकबॅक सुरू करून फोन त्यांच्या हाती द्यावा आणि विक्रेत्याला घाई करू देऊ नये. त्याआधी जे अंध लोक रोज एकट्याने प्रवास करतात, त्यांच्याशी बाबूजींची गाठ घालून द्यावी. नगरमध्येच ‘अनामप्रेम’ संस्थेत अंध विद्यार्थी शिकतात, पुण्यात अंधशाळा आहे, मुंबईत वरळीला राष्ट्रीय अंध संघाचे काम आहे. विशीतील एखादा अंध विद्यार्थी बाबूजींना एका तासात जे शिकवील, ते दुकानातील कोणीही शिकवू शकणार नाही.

पैशाचा विचारही करावा, पण योग्य ठिकाणी. दिशा सांगणारी पुष्कळ ॲप मोफत आहेत. खर्च होतो तो बऱ्या फोनवर, चांगल्या इअरफोनवर आणि शिकण्याच्या वेळेवर. आणखी एक धोका व्यापाऱ्याला सहज पटेल. ‘वेफाइंडर’ ही अंधांमध्ये लोकप्रिय झालेली सेवा २०१० मध्ये बंद पडली. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेले ‘साउंडस्केप’ २०२३ मध्ये थांबले. त्याचा मूळ प्रोग्राम खुला केल्यामुळे इतरांनी ते काम पुढे नेले. कंपनीचा हिशेब जमला नाही की सेवा थांबते, आणि तिच्या आधारावर चालणारा माणूस एका सकाळी रस्त्यातच थांबतो. म्हणून सगळा भार एकाच ॲपवर टाकू नये. दुसरे एखादे शिकून ठेवावे आणि नोंदवलेल्या खुणांची प्रत स्वतःजवळ जपावी.

सरावही टप्प्याटप्प्याने व्हावा. आधी घरापासून कोपऱ्यापर्यंतच्या पूर्ण ओळखीच्या वाटेवर यंत्र घेऊन चालावे. वाट ठाऊक असल्यामुळे यंत्र कोठे खरे बोलते आणि कोठे चुकते, हे नेमके कळते. जोडीदार जसा पारखून घेतला जातो, तसा यंत्राचा स्वभाव कळायला काही आठवडे जातात. नंतर एक चौक पुढे, मग रिक्षाने पेढीपर्यंत, मग एस.टी.ने राहुरीपर्यंत. शेजारी कोणी असावे, पण त्याने हात धरू नये.

चुकण्याची मुभा

खरी अडचण यंत्रात नसते, ती घरच्यांच्या मनात असते. वडील एकटे बाहेर पडतात या कल्पनेनेच मुलाचा जीव कासावीस होतो, आणि त्याची भीती खोटी नाही. नगरच्या रस्त्यांवर डोळसांचेही अपघात होतात. परंतु कोठेही न जाणाऱ्या माणसाचीही हानी होत असते. ती हळूहळू होते म्हणून दिसत नाही. पाय आखडतात, मधुमेह बळावतो, ओळखीचे लोक भेटेनासे होतात. ज्याचा शब्द बाजारात मानला जात होता, त्याला घरातील जेवणाच्या वेळेखेरीज काही ठरवायचे उरत नाही. व्यापारी घरात वडिलांचे पेढीवर येणे गल्ल्यासाठी आवश्यक नसेलही. परंतु वजन चुकीचे होते आहे हे आवाजावरून ओळखणारा आणि तीस वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला आवाजावरून नावाने हाक मारणारा माणूस तेथे बसलेला असणे, ही दुकानाचीही मिळकत आहे.

गळ्यातील ठिपक्याच्या डबीचे काय करावे, याचे उत्तरही येथेच मिळते. फोनमध्ये आपली जागा घरच्यांना कळवण्याची सोय असते. ती वापरावी, पण तिची किल्ली बाबूजींच्या हाती असावी. निघताना त्यांनी ती स्वतः सुरू करावी, पोहोचल्यावर स्वतः बंद करावी, आणि अडचण आल्यास स्वतः फोन करावा. त्यांच्या नकळत त्यांचा माग काढणे ज्या घरात होते, तेथे ते यंत्र लवकरच कपाटात जाते. आणि जाणेच योग्य असते.

कधीतरी बाबूजी चुकतील. तेलीखुंटाऐवजी भलत्याच गल्लीत शिरतील, यंत्र एक सांगेल आणि पाय दुसरे सांगतील. त्या वेळी ते थांबतील, काठी भिंतीला लावतील, दोन मिनिटे कान देऊन उभे राहतील, आणि मग फोनला किंवा रस्त्यावरील एखाद्याला विचारतील. वाट चुकून पुन्हा सापडणे हे तर कोणत्याही प्रवाशाच्या वाट्याला येते. डोळस माणूस दिवसातून किती वेळा चुकतो आणि वळतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. तशीच मोकळीक त्यांना मिळायला हवी.

त्या दिवशी मुलाने दुकानात बसून वाट पाहावी. दहा मिनिटे उशीर झाला तर फोन उचलण्याचा मोह होईल, तो आवरावा. काठीचा आवाज पायरीपाशी आला की उठून धावू नये. गादीवरची त्यांची जागा रिकामी आहे ना, एवढे पाहावे.